तानबाचा हंडा

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे दारू दुकानात मिळत नाही, नाल्यावर मिळते. गिरडच्या टेकडीकडून येणारा नाला आमच्या गावाला वळसा घालून जातो, आणि त्या नाल्यावर ज्यांची हयात गेली त्यांत तानबाचं नाव पहिलं घ्यावं लागतं. तानबाच्या हातची मोहफुलाची दारू सायकलच्या ट्यूबमध्ये भरून पार हिंगणघाटापर्यंत जायची.

ग्रामपंचायतीसमोरच्या निंबाला फुटके डबे, चेपलेली पातेली, ड्रमांचे काठ लटकलेले दिसतात. नवीन माणसाला वाटतं, कोणाचा तरी नवस असेल. नवस कसला! कौशल्याबाईच्या महिला मंडळानं फोडलेल्या भट्ट्यांची ती भांडी आहेत. भट्टी सापडली की थाळ्या वाजवत जायचं, भांडं कुऱ्हाडीनं फोडायचं आणि मिरवत आणून निंबाला टांगायचं, ही आमच्या गावची रीत. त्या निंबाची एक जाड फांदी मात्र कौशल्याबाईनं मुद्दाम मोकळी ठेवली होती. ती तानबाच्या हंड्यासाठी.

हंडा होता तांब्याचा, तानबाच्या आईच्या वेळचा. सगळ्या वस्तीच्या लग्नांचा भात त्यात शिजायचा. आई गेली आणि तानबानं तो भट्टीवर चढवला. मग एका हंगामात तो अचानक नाहीसा झाला. तानबा सांगे की धाडीत पोलिसांनी नेला. कौशल्याबाईला ते कधी पटलं नाही. "तांब्याचं भांडं तानबा सोडन? कोठी तरी गाडून ठेवलं आहे बुढ्यानं," असं ती पंचवीस-तीस वर्षं म्हणत आली.

यंदा हळद खणायला आणि पाऊस यायला एकच गाठ पडली. मंडळाच्या बायांनी मिळून हळद लावली होती, प्रत्येकीनं आपापल्या सऱ्यांत. समाजमंदिरासमोर वाट्यावाट्यानं ओल्या कांड्यांचा ढीग पडला, आणि त्याच रात्री अवकाळी पाऊस येऊन तो ढीग आरपार भिजवून गेला. भिजलेली हळद ढिगात राहिली की आतून तापते आणि सडते. ती लवकर उकडली तर तगते. उकडून हॉलमध्ये पसरायला जागा होती, मंडळाचा लोखंडी ड्रम होता, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचं सरपण होतं. जाळावर बसायला माणूस तेवढा हवा होता, आणि कौशल्याबाईनं निवडला तो तानबाचा पोरगा, निकेश.

बाया चिडल्या. "कोल्ह्याले कोंबड्या राखाले बसवून राह्यली का वो?" जिजाबाई म्हातारी तोंडावर बोलली.

"जाळ समजते त्याले," कौशल्याबाई म्हणाली. "हळदीले धगधग जाळ चालत नाई, मंद चालत नाई, एकसारखा पायजे. गावात दुसरा कोण आहे, सांग बरं?"

जाळ समजायचं कारण सगळ्यांना माहीत होतं. तेच तर दुखणं होतं.

निकेश पस्तिशीचा, उंच, वाकून चालणारा. वर्धेला, बोरगाव मेघेच्या कडेला एका व्यसनमुक्ती केंद्रात तो राहून आला होता. तिथं गोल बसवून प्रत्येकाला विचारत, पहिली केव्हा घेतली. कोणी लग्नाच्या वरातीत सांगे, कोणी दोस्तांत. निकेशची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "मले आठवत नाई. दुधाचे दात होते तवा." लोक हसले. त्याला हसू आलं नाही. भट्टीच्या नळीतून पहिली धार आली की तानबा बोट बुडवून ते पोराच्या जिभेवर ठेवायचा. पोरानं तोंड किती वाकडं केलं त्यावरून माल किती कडक ते ठरायचं. "माह्या पोट्ट्याची जीभ म्हणजे मीटर," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. बापानं पोराचं कौतुक केलं ते एवढंच. बाकी मार होता.

मोठेपणी निकेशनं नाल्याकाठी लोळून काढलेली वर्षं कोणी मोजू नयेत. मयुरी, त्याची बायको, लेकीला, रक्षाला, काखेत घेऊन अल्लीपूरला माहेरी निघून गेली. केंद्रातून आल्यावर तो तिला घ्यायला गेला आणि सासऱ्याच्या अंगणात दिवसभर उन्हात बसून राहिला. संध्याकाळी मयुरी बाहेर आली. तिनं एकच अट घातली.

"रोज घरात शिराच्या आधी दारात तोंडाचा वास देसान. ज्या दिवशी वास आला त्या दिवशी मी रक्षाले घेऊन परत. मंग कोणी आलं तरी येणार नाई."

तेव्हापासून रोज सांजेला तो दारात उभा राही, वाके, आणि मयुरीच्या तोंडासमोर हा करून श्वास सोडी. ती हुंगे आणि बाजूला होई. शेजारचे पाहत. पाहिले तर पाहू देत! त्याच वाकण्यावर त्याचं घर उभं होतं. हळदीचं काम मिळाल्यापासून कौशल्याबाईनंही तेच सुरू केलं. सकाळी जाळ घालायच्या आधी साऱ्या बायांसमोर ती म्हणे, "निकेश, फुंक." तो दुपट्टा बाजूला करून फुंके. कोणीतरी फिसकन हसे. तो खाली बसून पऱ्हाट्या मोडायला लागे.

ढीग निम्मा उकडून झाला आणि ड्रमचं बूड गेलं. धो धो पाणी जाळावर, राखेचा चिखल. कौशल्याबाईनं कपाळाला हात लावला, ड्रम छोट्या टेम्पोत टाकला आणि वेल्डिंगला हिंगणघाटला घेऊन गेली. बाकीच्या बाया हरभरा काढायला वावरात गेल्या. मागे मयुरी आणि जिजाबाई कांड्या निवडत राहिल्या.

निकेशनं ढिगात कोपरापर्यंत हात घातला. आत गरम होतं. त्यानं एक कांडी काढून मोडली. ती मऊ पडायला लागली होती.

"सांजवरी नाई टिकत," तो म्हणाला.

"मावशी येतच असन ड्रम घेऊन," मयुरी म्हणाली.

"वेल्डिंगवाल्याकडं एका फेरीत काम झालं आहे कधी? अन् इथी लाइन नाई, मोटर बंद. पाणी कोठून आणसान?" त्यानं हातातली कांडी ढिगावर टाकली. मग खाली पाहूनच बोलला. "नाल्यावर उकडतो. डोहात पाणी आहे. तू बैलबंडीत हळद भरून आणजो."

"नाल्यावर?" मयुरीच्या हातातली कांडी तशीच राहिली. "अन् भांडं?"

"आहे."

"कोणतं भांडं?"

"येजो. दिसन."

तो सब्बल आणि फावडं खांद्यावर टाकून निघाला. मयुरी त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. नवरा नाल्याकडे जाताना तिनं आयुष्यात खूप वेळा पाहिला होता, आणि प्रत्येक वेळी अशीच पाठ दिसली होती.

नाल्यावर मोहाची फुलं टपटप पडत होती. तो गोडसर, जड वास निकेशच्या नाकात गेला आणि तोंडाला पाणी सुटलं. त्याची त्याला लाज वाटली, पण पाणी सुटायचं थांबलं नाही. वरच्या वळणावर मुकेशची रात्रीची भट्टी नुकती विझली होती. मुकेश त्याच्याच वर्गातला, एके काळी दोघं एकाच बाटलीतले.

"कारे, निक्या!" मुकेश खाली उतरून आला. त्याच्या हातात पेला होता. "काय खोदून राह्यला?"

"काम आहे."

"घे, पहिल्या धारेची आहे. तुह्या जिभेनं सांग बरं कशी उतरली ते."

निकेशचा हात सब्बलीवर होता. त्यानं ती वाळूत आणखी खोल रोवली. "माही जीभ मेली," तो म्हणाला. "जा तू."

मुकेश हसला, पण गेला नाही. थोडा वर जाऊन बसला आणि पाहत राहिला.

जुन्या उंबराच्या मुळाशी दरड खचून एक खबदाड झालं होतं. निकेशनं दगड काढले, वाळू उपसली. उन्हानं पाठ भाजत होती. बऱ्याच वेळानं सब्बल ठणकन वाजली आणि तो तिथंच गुडघ्यांवर बसला. हिरवट पडलेला तांब्याचा काठ वाळूतून वर आला होता. त्यानं उजवा हात पुढे केला, मागे घेतला. त्या हाताच्या तळव्याला भाजल्याचा जुना डाग होता, पिळवटलेल्या कातडीचा, बोटं पूर्ण उघडू न देणारा. मग त्यानं तोच हात काठावर ठेवला आणि जोर लावला.

मयुरी बंडी घेऊन पोचली तेव्हा हंडा डोहाच्या काठावर उभा होता. जिजाबाईनं तोंडावर पदर घेतला. "माय वो! हा तर तानबाचा!"

मयुरीचा चेहरा उतरला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, वर बसलेल्या मुकेशकडे पाहिलं, पुन्हा हंड्याकडे पाहिलं. विचारावं असं तिच्या मनात फार होतं, पण तिनं विचारलं ते एवढंच.

"कायसाठी काढला?"

"हळदीसाठी."

"दुसऱ्या कायसाठी नाई?"

"नाई."

ती त्याच्याजवळ आली. भर दुपारी, नाल्याच्या मध्यात, तिनं मान वर केली. तो वाकला आणि श्वास सोडला. तिनं हुंगलं. मग भांडं घासायला म्हणून बंडीत टाकलेली चिंच आणि राख घेऊन ती वाळूत बसली आणि हंडा घासायला लागली. जिजाबाई आधी कुरकुरली, मग तीही बसली. घासता घासता हिरवं गेलं आणि आतून लाल तांबं निघालं. "ह्यात माह्या लग्नाचा भात शिजला होता," म्हातारी म्हणाली आणि जास्तच जोरात घासू लागली.

तीन दगडांची चूल झाली. हंड्यात कांड्या, वर पाणी, वर हळदीची पानं, वर बारदान. निकेशनं पऱ्हाट्या सरकवल्या. जाळ लागला, धूर उंबराच्या वर चढला.

आणि इथंच सगळं बिघडलं. नाल्यातून धूर निघाला की आमच्या गावात त्याचा एकच अर्थ होतो. त्यात मुकेश तोवर पानठेल्यावर जाऊन सांगून आला होता, निक्यानं बापाचा हंडा उकरला. पानठेल्यावरून बातमी हरभऱ्याच्या वावरात गेली आणि वावरातून फोननं कौशल्याबाईला गाठलं. ती टेम्पोत होती, ड्रम जसाचा तसा परत घेऊन येत होती, आणि आधीच तापलेली होती.

थाळ्यांचा आवाज आधी आला. मग वावराकडच्या पांदणीतून बाया उतरल्या. कोणाच्या हातात विळा, कोणाच्या हातात मुसळ, आणि सगळ्यांच्या पुढं कुऱ्हाड घेऊन कौशल्याबाई. मागं निम्मं गाव तमाशा पाहायला आलं होतं.

"मी म्हटलं होतं!" एक बाई ओरडली. "मी म्हटलं नव्हतं का वो?"

कौशल्याबाई हंड्यासमोर उभी राहिली. इतक्या वर्षांनी तो सापडला होता. तिला राग तर आलाच होता, पण रडूही आलं होतं, कारण तिनं सगळ्या गावाशी भांडून ह्या पोराला उभं केलं होतं.

"नाक कापलं तू माहं," ती म्हणाली. "फुंक."

निकेश उठला. सवयीनं त्यानं दुपट्टा बाजूला केला. तेवढ्यात मयुरी मध्ये आली. तिचे हात कोपरापर्यंत राखेनं माखले होते.

"मावशी, थांबा. माह्या नवऱ्याच्या तोंडाचा वास मी घेतला आहे. तुमी हंड्याचा घ्या."

थाळ्या थांबल्या. मयुरीनं पदरानं धरून बारदान उचललं आणि पानं बाजूला केली. वाफेचा लोट वर आला, पिवळा, उग्र, स्वच्छ हळदीचा. पुढच्या बायांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या मागं सरल्या. हंड्यावर फेस धरला होता. कौशल्याबाईनं काडी घेतली आणि एका कांडीत खुपसली. काडी अलगद आत गेली. तिनं काडी नाकाशी नेली, पुन्हा एकदा नेली.

"काऊन नाई सांगतलं?" तिचा आवाज एकदम खाली आला. "सांगून काढला असता तं मी आडवी आली असती का?"

निकेश काही बोलणार एवढ्यात गर्दीतून तानबा आला. बुढा काठीवर, लटपटत, पण चेहरा फुललेला. दुसऱ्या हातात स्टीलचा पेला. त्याला सगळ्या गोंधळातलं काही दिसलं नाही, फक्त हंडा दिसला.

"माहा हंडा!" तो म्हणाला. "भेटला! कोणी म्हणे पोरगं बिघडलं, सुधरलं, काय का काय. मी म्हटलं, रक्त कोठी जाते? आण, टाक थोडी."

त्यानं पेला पुढं धरला. मयुरीनं डोळे मिटून घेतले.

"भेटला नाई बाबा," निकेश म्हणाला. "म्याच लपवला होता."

"तू?"

"मी नऊ वर्साचा होतो, तवा धाड आली. तुमी पळाले, मले इथीच सोडून. म्या हंडा लोटत लोटत उंबराखाली नेला, अन् वाळू टाकली. तुमाले सांगतलं, पोलिसांनी नेला. तुमी काठीनं मारलं, तरी तेच सांगतलं." त्यानं उजवा हात सगळ्यांसमोर उघडला, उघडेल तितका. "त्याच्याही आधी, मोहाचा सडवा भट्टीवर करपला म्हणून ह्याच हंड्याले माहा हात दाबून धरला होता तुमी. मी रक्षाएवढा होतो. झोप लागली होती मले."

मयुरीनं डोळे उघडले. लग्नापासून तो तिला सांगत आला होता की लहानपणी होळीत पडलो. ती पुढं आली आणि त्याचा उघडा हात आपल्या राखेच्या हातात धरून उभी राहिली. सगळ्या गावासमोर नवऱ्याचा हात धरायची आमच्याकडं पद्धत नाही, पण त्या दिवशी कोणाला ते वावगं वाटलं नाही.

तानबाचा पेला खाली आला होता. तो हंड्याकडं पाही, पोराकडं पाही. "अन् मी," तो म्हणाला, "मी इतकी वरसं पोलिसांले शिव्या देऊन राह्यलो."

जिजाबाईला हसू फुटलं. मग बायांना फुटलं. ते हसू मोकळं करणारं होतं. निकेश हसला नाही. त्यानं बापाच्या हातातून पेला घेतला, बंडीत आणलेल्या किटलीतला चहा त्यात ओतला आणि परत दिला.

"बसा तिकडं, सावलीत," तो म्हणाला. "चुलीले हात नका लावू."

आवाज चढवला नव्हता. पण तानबा निमूट जाऊन उंबराखाली बसला. नऊ वर्षांच्या पोरानं जे मनात राखलं होतं ते आज त्यानं बापाच्या तोंडावर सांगितलं. मला विचाराल तर त्या दिवशी नाल्यावर सगळ्यांत ताठ उभा असलेला माणूस निकेश होता. रोज वाकणारा तो, आणि तरी.

"मावशी," एका बाईनं कौशल्याबाईला कोपरानं ढोसलं, "कुऱ्हाड चालवाची का मंग? फांदी मोकळी आहे."

"चालव ना," कौशल्याबाई म्हणाली. "ह्या पऱ्हाट्या कोण तोडून देन? जाळ कमी होऊन राह्यला." तिनं कुऱ्हाड त्या बाईच्या हातात दिली आणि स्वतः पदर खोचून निकेशकडं वळली. "पुढचा घाणा माह्या हळदीचा टाकजो."

"तुमचा काऊन आधी?" जिजाबाई खवळली. "हंडा कोणी घासला?"

"वा वो! बंडी कोणाची?"

हंडा फोडायला आलेल्या बाया हंड्यात आधी कोणाची हळद पडावी म्हणून भांडायला लागल्या. त्यांना रांगेत लावता लावता मयुरीचा घसा बसला. उन्हं उतरेपर्यंत जाळ एकसारखा राहिला. दिवस कलला तेव्हा ढीग संपला होता आणि समाजमंदिराचा हॉल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पिवळा झाला होता. ती हळद पुढं इतकी चोख वाळली की मोडली तर आतून केशरी निघे. निंबाची ती फांदी अजून मोकळी आहे. हंडा समाजमंदिरात असतो, घासलेला, आणि वस्तीत लग्न निघालं की भातासाठी निकेशकडं किल्ली मागावी लागते.

पण त्या सांजेचं सांगायचं राहिलं. मयुरी आणि रक्षा पुढं गेल्या होत्या. निकेश डोहात अंग धुऊन घरी आला. दारात थांबला. रोजच्यासारखा वाकला, डोळे मिटले आणि श्वास सोडला. समोर कोणाची चाहूल लागली नाही. तो तसाच वाकून उभा राहिला.

चुलीपासून मयुरीचा बसलेला आवाज आला.

"तोंड वासून काय उभे आहा दारात? या ना आत. भाकर थंडी होऊन राह्यली."